भोपळ्याचा बेक्ड पास्ता: पाणी सुटणार नाही असा

मार्गशीर्षातला गुरुवार आणि नाताळच्या गाठीभेटी एकाच आठवड्यात आल्या की गोव्यात शाकाहारी मुख्य पदार्थ लागतोच. लाल भोपळ्याचा बेक्ड पास्ता सकाळी रचून ठेवता येतो. खालचं प्रमाण सहा जणांसाठी आहे.

सालीसकट सव्वा किलो भोपळा, ३५० ग्रॅम पेने (नळीच्या आकाराचा पास्ता), ६०० मिली दूध, ४० ग्रॅम बटर, ३० ग्रॅम मैदा, दोन कांदे, आठ लसूण पाकळ्या, २०० ग्रॅम चीज, मूठभर काजू तुकडा, मिरी, जायफळ आणि आदल्या दिवशीचे दोन उंडे (गोव्याचे गोल पाव). चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या. अस्सल पार्मेझानमध्ये वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट असतं, त्यामुळे ते इथे चालणार नाही.

सगळा खेळ भोपळ्याच्या पाण्याचा आहे. 'कुकरला दोन शिट्ट्या काढा' हा सल्ला सर्रास मिळतो आणि तोच पदार्थाची वाट लावतो. आपला भोपळा मुळात पाणीदार, कुकरमध्ये त्याला वाफेचं पाणी आणखी मिळतं. मग ओव्हनमध्ये ते सुटतं आणि वाढताना ट्रेच्या तळाशी पिवळं पाणी दिसतं. त्यावर उपाय म्हणून मैदा वाढवला तर सॉसची खळ होते.

म्हणून भोपळा भाजाच. बाजारातून गडद केशरी गराची, घट्ट फोड निवडा. साल काढून दीड इंचाचे तुकडे करा, दोन चमचे तेल चोळा आणि २०० अंशांवर ४० मिनिटं भाजा. तुकडे एकमेकांना चिकटून ठेवले तर ते भाजले न जाता वाफवले जातात, तेव्हा ट्रे लहान असेल तर दोन खेपांत भाजा. पंखा नसलेल्या ओटीजीत (ओट्यावरच्या छोट्या ओव्हनमध्ये) वाफ कोंडते, म्हणून निम्म्या वेळेला दार क्षणभर उघडा. कडा तपकिरी झाल्या पाहिजेत. मीठ भाजून झाल्यावरच घाला.

मूठभर तुकडे बाजूला ठेवून बाकीचे कुस्करा आणि चमचाभर गर ताटलीत काढा. पाच मिनिटांत त्याच्याभोवती पाण्याचं कडं दिसलं, तर सगळा गर कढईत मध्यम आचेवर, कडं येईनासं होईपर्यंत परता. ही चाचणी टाळू नका.

कांदा-लसूण बटरवर परता, मैदा दोन मिनिटं भाजा, दूध थोडं थोडं घालत सॉस करा. गर, मिरी, जायफळ, मीठ आणि निम्मं चीज त्यात मिसळा.

पेने पाकिटावरच्या वेळेपेक्षा तीन मिनिटं आधी उपसा आणि ते उकळलेलं पाणी कपभर राखून ठेवा. पास्ता थंड पाण्याखाली धरू नका, सॉस त्याला चिकटत नाही.

भोपळ्याचं पाणी एवढ्या कष्टानं काढल्यावर सॉस पातळ करायला हात धजावत नाही. पण कच्चट पास्ता ओव्हनमध्ये सॉस पितो, आणि दाट सॉस घातला तर वडी पडते. राखलेलं पाणी घालून मिश्रण इतकं सैल करा की ट्रेमध्ये ओतल्यावर आपोआप पसरेल. पेनेच्या मधल्या फटींत सॉस साचलेला दिसायला हवा.

वर राखलेले तुकडे, उरलेलं चीज, काजू आणि उंड्यांचा हातानं कुस्करलेला, चमचाभर बटर चोळलेला चुरा. २०० अंशांवर २५ मिनिटं. काजू लवकर करपायला लागले तर वर फॉइल टाका.

सकाळी रचून फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर चुरा आणि काजू तेव्हा घालू नका. काचेचा ट्रे असेल तर तासभर बाहेर काढून ठेवा, थंडगार काच तापल्या ओव्हनमध्ये तडकते. भाजण्याआधी कडेकडेनं अर्धा कप गरम दूध सोडा, चुरा-काजू पसरा आणि वेळ दहा-पंधरा मिनिटं वाढवा. ओव्हनमधून काढल्यावर दहा मिनिटं थांबूनच वाढा, नाहीतर सॉस ताटभर पळतो.