कामावर अपघात झाला, तर भरपाईचा दावा कसा करायचा

दाव्याचा पाया दवाखान्यातल्या पहिल्या केसपेपरवर घातला जातो. जखमी माणसाला बहुधा सुपरवायझर किंवा ठेकेदाराचा माणूस घेऊन येतो आणि ‘कसं झालं?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाला तोच उत्तर देतो. तिथे ‘घरी दारात बोट चेमटलं’ असं एकदा लिहिलं गेलं, की पुढे दोन वर्षं साक्षी देऊनही ते वाक्य पुसत नाही. म्हणून शुद्धीवर असाल तर स्वतः सांगा, नसाल तर घरच्यांनी सांगावं: कंपनीचं नाव, तारीख, वेळ, कोणत्या मशीनवर कोणतं काम चालू होतं आणि कोणता अवयव सापडला. एमएलसी (पोलिसांना कळवली जाणारी मेडिको-लीगल केस) नोंदवायला सांगा. केसपेपरची झेरॉक्स त्याच दिवशी घ्या आणि वाचून बघा. उजव्याच्या जागी डावा हात लिहिल्याने अडकलेले दावे काही कमी नाहीत.

मग पगाराची स्लिप काढा. त्यात ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) 0.75 टक्के कपात असेल, तर रस्ता वेगळा. विमाधारक कामगाराला मालकाविरुद्ध भरपाईचा दावा करता येत नाही, त्याला ही योजना चालवणाऱ्या ईएसआयसी या महामंडळाकडूनच लाभ मिळतो. त्यांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन रजा काढली, तर सरासरी रोजच्या मजुरीच्या 90 टक्के मिळतात. कायमचं अपंगत्व राहिलं, तर मेडिकल बोर्डासमोर जावं लागतं. मालकाने अपघाताचा अहवाल ईएसआयसीला पाठवला का, याची खात्री करा. अपघातानंतर घाईघाईने नोंदणी करणारे ठेकेदारही असतात, त्यामुळे नोंदणीची तारीख आवर्जून पाहा.

ईएसआय नसेल, तर दावा कर्मचारी भरपाई आयुक्तांकडे. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली आणि 1923 चा जुना भरपाई कायदा तिच्यात सामावला; आयुक्तांच्या जागी तिच्यात ‘सक्षम प्राधिकारी’ आहे. अपघात ज्या दिवशी झाला, त्या दिवशीचा कायदा लावायचा. अर्ज करताना चुकीचा कायदा लावण्याची चूक सर्रास होते. कामावर येता-जाता झालेला अपघात नव्या संहितेत बसू शकतो, मात्र वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दाखवावा लागतो.

मालकाला लेखी नोटीस लवकरात लवकर द्या. नाव-पत्ता, अपघाताची तारीख आणि कारण, साध्या भाषेत, एका पानात. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. ठेकेदाराकडे असाल, तर ठेकेदार आणि मूळ मालक दोघांनाही पाठवा, कारण मालकाच्या धंद्याच्या कामावर त्याच्याच आवारात अपघात झाला तर जबाबदारी मूळ मालकावरही येते. नोटीस मिळाल्यावर तीन दिवसांच्या आत मालकाने स्वखर्चाने डॉक्टरी तपासणी देऊ केली, तर ती नाकारू नका. नाकारल्यास भरपाईचा हक्क तेवढ्यापुरता स्थगित होतो.

अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षं. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नये. अपघात झाला ते ठिकाण, तुम्ही राहता ते ठिकाण किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय, यांपैकी कुठल्याही हद्दीत अर्ज करता येतो. गावी परतलेल्या कामगाराला ही मोठी सोय आहे. मालकाची विमा पॉलिसी असेल, तर विमा कंपनीलाही पक्षकार करा.

आता आकडा. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणक, म्हणजे वयानुसार कायद्यातल्या तक्त्यात दिलेला आकडा. मृत्यू झाल्यास 50 टक्के गुणिले तोच गुणक. अंशतः अपंगत्व असेल, तर 60 टक्क्यांच्या हिशोबातून जो आकडा येतो त्याचा कमाईच्या नुकसानीइतका हिस्सा. 2020 च्या जानेवारीपासून जुन्या कायद्यात वेतन 15,000 पर्यंतच धरलं जायचं, पगार 22,000 असला तरी. उदाहरण घ्या: वय 35, गुणक 197.06, एका हाताचा अंगठा पूर्ण गेला. कायद्याच्या परिशिष्टातल्या जखमांच्या यादीत त्याला 30 टक्के. म्हणजे 15,000 चे 60 टक्के 9,000, गुणिले 197.06, त्याचे 30 टक्के: 5,32,062 रुपये. वय वाढेल तसा गुणक घटतो. 25 ला 216.91, 50 ला 153.09. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला जोडाच. प्रत्यक्ष झालेल्या उपचारखर्चाची बिलं वेगळी लावा, ती या रकमेत मोडत नाहीत.

खरी लढाई टक्क्यांची असते. सिव्हिल हॉस्पिटलच्या सर्टिफिकेटवर शरीराचं अपंगत्व लिहिलेलं असतं. कायदा विचारतो कमाईची क्षमता किती गेली. दोन्ही एकच नव्हेत. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला, तेव्हा एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये ती पूर्ण अपंगत्वाची केस धरली. म्हणून परिशिष्टात नसलेल्या जखमेसाठी डॉक्टरांकडून ‘हे काम आता करू शकत नाही’ हे कारणासह लिहून घ्या, आणि तेच डॉक्टर साक्षीला येतील का हेही आधीच विचारा. डॉक्टर हजर राहिले नाहीत, तर कागद लुळा पडतो.

‘चूक तुझीच होती’ हे मालकाचं नेहमीचं उत्तर. निव्वळ हलगर्जीपणामुळे दावा जात नाही. दारूच्या नशेत असणं, मशीनचं संरक्षक आवरण (गार्ड) जाणूनबुजून काढणं किंवा सुरक्षेचा हुकूम मुद्दाम मोडणं, आणि त्यामुळेच अपघात होणं, हे बचाव चालतात. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर तेही चालत नाहीत.

रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही, तर 1923 च्या कायद्यात वर्षाला 12 टक्के सरळ व्याज होतं, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही. तडजोड करायची असेल, तर करार आयुक्तांकडे नोंदवून घ्या. मृत्यूच्या केसमध्ये मालकाने भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची असते. वारसांच्या हातात परस्पर ठेवलेली रक्कम, तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल सोडल्यास, भरपाई म्हणून धरली जात नाही. कोऱ्या व्हाउचरवर सही मागितली, तर ‘अमुक रक्कम दवाखान्याच्या खर्चापोटी मिळाली’ असं स्वतःच्या अक्षरात लिहा आणि त्याखालीच सही करा.