रिकाम्या प्लेटचा अर्थ : पाणी आणि समुद्रातल्या सूक्ष्मजीवांवर काम करू पाहणाऱ्यांसाठी

मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करणारी मुलं-मुली वरचेवर विचारतात, पिण्याच्या पाण्याच्या लॅबमध्ये जावं की समुद्रावरच्या संशोधनात? मी दोन्हीकडे काम केलंय. आधी कोकणातल्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत आणि नंतर गोव्यात, अरबी समुद्रावरच्या एका प्रकल्पात. बाहेरून पाहिलं तर दोघांचा काही संबंध नाही असं वाटतं. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिली पाण्यात एकही ई-कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू) सापडता कामा नये. समुद्राच्या वरच्या थरात मात्र एका मिलीलिटरमध्येच दहा लाखांच्या आसपास जिवाणू असतात. पण सकाळी इनक्युबेटर उघडल्यावर दोन्हीकडे प्रश्न एकच पडतो : प्लेटवर (जिवाणूंचं खाद्य ओतलेल्या बशीत) काही उगवलं नाही, म्हणजे ते पाण्यात नव्हतंच, की आपल्याला दिसलं नाही? हा प्रश्न तुम्हाला स्वस्थ बसू देत नसेल, तर या क्षेत्रात जरूर या.

पाण्याच्या कामाचा सगळा जीव नमुना घेण्यात आहे. कॉलेजात हे कोणी शिकवत नाही, तिथे बाटली आयती टेबलावर येते. गावात गेलात की आधी जलसुरक्षकाला, म्हणजे गावचा पाणीपुरवठा सांभाळणाऱ्याला, गाठा. टीसीएल पावडर (क्लोरीनची पूड) केव्हा टाकली, किती टाकली, टाकी शेवटची कधी धुतली, पाइप कुठे गटाराला लागून गेलाय, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. मग नळ. तोटीला लावलेली प्लास्टिकची नळी किंवा बांधलेलं फडकं काढायचं. तोटी धातूची असेल तर स्पिरिटच्या पेटत्या बोळ्याने शेकायची आणि दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं. झाकण हातातच धरायचं, आतली बाजू खाली, कुठेही न टेकवता. बाटली विसळायची नाही, कारण तिच्यात सोडियम थायोसल्फेटचे थेंब आधीच घातलेले असतात. वर थोडी जागा सोडून भरायची, जागीच ओटी टेस्ट (क्लोरीन मोजायची रंगाची चाचणी) करून क्लोरीनचा आकडा लिहायचा आणि बाटली बर्फाच्या पेटीत ठेवायची.

त्या थायोसल्फेटवर सगळं अवलंबून असतं. ते नसेल तर नमुन्यातलं क्लोरीन बाटलीत, गाडीत, लॅबच्या दारापर्यंत जिवाणू मारत राहतं. नळातून जे बाहेर आलं ते लॅबमध्ये पोचतच नाही. प्लेट स्वच्छ निघते, अहवाल ‘पिण्यास योग्य’ येतो, आणि पुढच्या पंधरवड्यात त्याच वाडीत जुलाबाचे रुग्ण निघू शकतात. उशीर झाला तरी तेच. नमुना शक्यतो सहा-आठ तासांत आणि काहीही झालं तरी २४ तासांच्या आत लावला गेला पाहिजे. नळावर बायका हमखास विचारतात, ‘पाणी चांगलंय ना ताई?’ पाणी डोळ्यांना नितळ दिसतंय म्हणून हो म्हणू नका. अहवाल तयार झाला की स्वतः फोन करून सांगा. ही माणसं तुमच्या शब्दावर पाणी पितात.

गावपातळीवर एच टू एस बाटली वापरतात. ती १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मांडलेली पद्धत आहे. आत वाळवलेल्या माध्यमाची कागदी पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरून बाटली उबेत ठेवायची आणि एक-दोन दिवसांनी पाणी काळं झालं का ते पाहायचं. विष्ठेसोबत येणारे काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याचा लोहाशी संयोग होतो आणि बाटली काळी पडते. लॅबमध्ये जिवाणूंची संख्या काढायच्या एमपीएन किंवा मेंब्रेन फिल्टर पद्धतीची जागा ती घेत नाही. पण जिथे लॅब तालुक्याला असते आणि एसटी दिवसातून दोनदा येते, तिथे तिचं मोल फार आहे.

पुढे समुद्रावर गेले तेव्हा हाच हायड्रोजन सल्फाइड वायू वेगळ्या रूपात भेटला. पावसाळ्याच्या दिवसांत आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ खालचं कमी ऑक्सिजनचं थंड पाणी वर सरकतं, आणि पाऊस व नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर त्यावर झाकणासारखा बसतो. तळाशी उरलेला ऑक्सिजन जिवाणू संपवतात, मग नायट्रेटवर जगतात आणि तेही संपलं की सल्फेटवर. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत काही ठिकाणी तळाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड साठतो. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयओने, कांदोळीसमोर याच जागी वर्षानुवर्षं नियमित नमुने घेतले आहेत. या प्रक्रियेतून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो, हे तिथल्याच वजीह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये मांडलं. आपल्या दारातल्या समुद्राची ही गोष्ट इथल्या विद्यार्थ्यांना माहीत नसते, याचं मला वाईट वाटतं.

जहाजावर पहिले दिवस बोट लागते. गोळ्या घ्या, कोरडं खा, क्षितिजाकडे बघा. यापलीकडे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. खरी कसोटी रोझेट वर आल्यावर असते. वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी भरून आणणाऱ्या निस्किन बाटल्यांचा तो गोल डेकवर टेकला की सगळे भोवती जमतात, पण क्रम ठरलेला असतो. आधी विरघळलेला ऑक्सिजन आणि इतर वायू, कारण हवेशी संपर्क आला की ते बिघडतात, आणि मग बाकीचे. आपली पाळी येईपर्यंत हातमोजे घालून, बाटल्यांवर स्टेशन (नमुना घ्यायची ठरलेली जागा) आणि खोली लिहून तयार राहायचं. रात्री दोनला स्टेशन लागलं तरी तेच. जहाजाचा एक-एक तास किती खर्चाचा असतो हे कळलं, की लेबल नीट लिहिण्याचा आळस आपोआप जातो.

हे पाणी झोबेल मरीन अगार या सकस माध्यमाच्या प्लेटवर पसरा. कॉलन्या येतील, रंगीत, देखण्या. मग तेच पाणी ०.२ मायक्रॉनच्या काळ्या फिल्टरवर गाळून, डॅपी या डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने रंगवून, फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. निळ्या ठिपक्यांनी अख्खं क्षेत्र भरलेलं असतं. प्लेटवर आले त्यांच्या शेकडो पट, बहुधा हजारो पट. हे प्रत्येकाने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. समुद्रातल्या सर्वांत मुबलक जिवाणूंपैकी एक गट, एसएआर ११, १९९० साली फक्त जनुकाच्या खुणेवरून कळला. तो प्रयोगशाळेत वाढवायला २००२ उजाडलं, आणि तेही सकस माध्यमात नाही, तर साध्या गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात अतिशय विरळ करून. उपाशी जगायची सवय असलेल्याला भरपूर खाऊ घातलं तर तो वाढत नाही. क्लोरीनचा मार खाऊन नळात टिकलेल्या जिवाणूंचंही असंच आहे. म्हणून नळाच्या पाण्यासाठी आर-टू-ए हे कमी पोषणाचं माध्यम वापरतात आणि प्लेट्स कमी तापमानाला पाच-सात दिवस ठेवतात. दोन्हीकडे काम केल्याचा मला झालेला सर्वांत मोठा फायदा हा.

हे दोन्ही विषय एकत्र कुठे येतात ते पाहायचं असेल तर पटकीचा जिवाणू बघा. व्हिब्रिओ कॉलरी मुळात खाडीचा, निमखाऱ्या पाण्याचा रहिवासी, कोपेपॉडसारख्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहणारा. प्रतिकूल काळात तो जिवंत असतो, पण प्लेटवर उगवत नाही. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कॉलवेल यांच्या गटाने हे १९८० च्या दशकात दाखवलं. तो कोपेपॉडना चिकटतो, यावरूनच पुढे बांगलादेशातल्या मतलब भागात पाणी जुन्या साडीच्या अनेक पदरांतून गाळण्याचा प्रयोग झाला आणि पटकीचे रुग्ण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. कोपेपॉड कापडात अडकतात, सुटे जिवाणू मात्र आरपार जातात. त्यामुळे फडकं बांधलं तरी पाणी उकळावंच लागतं.

आता सगळ्यांना डीएनए सिक्वेन्सिंग करायचं असतं. जरूर करा. आर आणि क्वाइम ही त्या माहितीच्या विश्लेषणाची सॉफ्टवेअर शिकून घ्या, त्यावाचून पुढे अडतं. पण नळाच्या पाण्यात जिवाणू इतके कमी असतात, की डीएनए काढायच्या किटमधलेच जिवाणू निकालात उतरतात. निर्जंतुक पाण्याचा कोरा नमुना पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत सोबत चालवला नसेल, तर त्या रंगीत आलेखांवर विश्वास ठेवता येत नाही. प्लेटच्या कामातही तेच. एक कोरी बाटली गावात नेऊन परत आणायची, आणि एका प्लेटवर मुद्दाम ई-कोलाय लावायचा. ती उगवली तरच बाकीच्या रिकाम्या प्लेट्सना अर्थ आहे. मुलाखतीत तुमचे कंट्रोल्स, म्हणजे असे पडताळणीचे नमुने, काय होते हे मी आधी विचारते, आणि बरेच जण तिथेच गप्प होतात.

वाटा कुठल्या? गोवा विद्यापीठात मरीन मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी. आहे. पाण्यासाठी नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, जिवाणूंच्या संग्रहाचं आणि ओळख पटवण्याचं काम शिकायला पुण्याचं एनसीएमआर, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्ह्या-तालुक्यातल्या लॅब. पीएच.डी.साठी सहसा सीएसआयआर नेटचा लाइफ सायन्सेसचा पेपर द्यावा लागतो. जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. जिल्हा लॅबमधल्या कंत्राटी नोकरीत पगार बेताचाच आणि तोही कधी उशिराने, हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. तरी मी पहिलं वर्ष तिथेच काढा म्हणेन. नमुना, नोंद आणि शिस्त तिथे हाडात मुरते.

डिझर्टेशनचा विषय ठरवताना पंचांग बघा. पिण्याच्या पाण्यावर काम असेल तर मे महिन्यातले आणि पाऊस सुरू झाल्यावरचे, असे दोन्ही नमुने हवेत. गढूळ पाणी विहिरीत उतरतं ते तेव्हाच. ट्रायकोडेस्मियम या समुद्री जिवाणूचा वाळल्या गवताच्या रंगाचा तवंग किनाऱ्याजवळ साधारण फेब्रुवारी ते मे दिसतो. ऑक्सिजन आटलेलं पाणी ऑगस्ट ते ऑक्टोबर. जानेवारीत गाइडला पहिली ईमेल पाठवलीत तर हा शेवटचा हंगाम तुमच्या हातून गेलेला असतो, म्हणून त्याआधीच्या मार्च-एप्रिलमध्येच लिहा. आणि त्या ईमेलमध्ये गुणांच्या टक्केवारीआधी तीन गोष्टी लिहा : कुठलं पाणी, कुठला महिना आणि त्यातून तुम्हाला नेमकं काय शोधायचं आहे.