आउटबोर्ड इंजिनाच्या स्विचची वायरिंग : या चुका टाळा

आपल्या खान्देशात वायरिंगचा हात बसतो तो विहिरीवरच्या मोटारीवर. स्टार्टर उघडायचा, कॉन्टॅक्ट घासायचे, फेज बघायची, मोटार जळाली असेल तर रिवाइंडिंगला टाकायची. केळी पाण्यावर आलेली असताना मेकॅनिकची वाट बघत कोण बसणार? म्हणून शेतातल्या पोराच्याही खिशात टेस्टर असतो. मग हतनूर धरणाच्या पाण्यात, प्रकाशा-सारंगखेड्याच्या बॅरेजवर किंवा अक्राणी-अक्कलकुव्याकडे नर्मदेच्या फुगवट्यात एखाद्या बोटीचं आउटबोर्ड, म्हणजे मागे टांगलेलं इंजिन अडलं, की जवळचा मोटारवालाच बोलावतात. माझं रिवाइंडिंगचं दुकान, मलाही पहिल्यांदा असंच बोलावलं होतं. पण मोटारीवर कामाला आलेली सवयच बोटीवर नडते, कारण या इंजिनाचा बंद करायचा स्विच आपल्या ओळखीच्या स्विचच्या अगदी उलटा चालतो.

स्टॉपची वायर जोडली की इंजिन बंद

घरातला दिवा बंद म्हणजे वायर मध्येच तुटली. पंपाच्या स्टार्टरचं लाल बटण दाबलं की कॉईलचा करंट तुटतो आणि मोटार थांबते. पेट्रोलवर चालणाऱ्या साध्या आउटबोर्डमध्ये ठिणगीचा करंट बॅटरीतून येतच नाही. फ्लायव्हीलखालच्या कॉईलमध्ये तो तयार होतो आणि सीडीआयमधून, म्हणजे ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यातून, प्लगला जातो. बॅटरी काढून टाकली तरी दोरी ओढून ते इंजिन चालू होतं. मग ते थांबवायचं कसं? सीडीआयमधून निघालेली स्टॉपची वायर बॉडीला टेकवायची. करंट प्लगला न जाता अर्थला जातो आणि इंजिन बसतं.

चालकाच्या मनगटाला बांधायच्या लाल दोरीचंही असंच आहे. तिची क्लिप स्विचमध्ये बसलेली असते तोवर आतले कॉन्टॅक्ट उघडे राहतात. माणूस पाण्यात पडला, क्लिप निघाली, की कॉन्टॅक्ट जुळतात आणि इंजिन थांबतं.

एवढं डोक्यात बसलं की निम्मे बिघाड जागेवर कळतात. स्टॉपची वायर कुठेतरी बॉडीला घासली असेल तर इंजिन चालूच होणार नाही. ती तुटली असेल तर इंजिन झकास चालू होईल, पण चावी फिरवून किंवा लाल दोरी उपटून बंद होणार नाही. लोकांना पहिला बिघाड मोठा वाटतो, कारण त्यात काम अडतं. मला दुसऱ्याची धास्ती वाटते. चालक पाण्यात आणि बोट पंखा फिरवत त्याच्याचभोवती घिरट्या घालतेय, असा तो बिघाड आहे.

तापीकाठच्या एका आप्पांनी मला एकदा पहाटे फोन केला. जाऊन बघतो तर ते बोटीत बसून तळहात चोळत होते. म्हणाले, "सकायपाईन दोरी वढी वढी हात दुखी ग्यात, भाऊ. इंजिन काई बोलस नही." प्लग नवा, पेट्रोल ताजं, ठिणगी मात्र नाही. मी कव्हर काढलं आणि स्टॉपची वायर बोटाने चाचपत गेलो. कव्हरच्या काठाखाली ती चेपून सपाट झाली होती. तिथे तिळाएवढं तांबं चमकत होतं आणि समोरच्या बॉडीवर तेवढाच रंग खरवडला होता. वायर जरा उचलून धरली आणि पहिल्याच ओढीला इंजिन लागलं. आधी कोणीतरी कव्हर घाईत बसवलं होतं, बस्स.

ट्रॅक्टरचा चावी-स्विच बसवू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बोटीचा चावी-स्विच खराब होतो, नवा लवकर मिळत नाही, आणि ट्रॅक्टरचा किंवा जुन्या जीपचा स्विच कोपऱ्यावरच्या दुकानात असतो. दिसायला सारखा, चावीही तशीच फिरते. आतली रचना वेगळी असते.

आउटबोर्डच्या स्विचमागे बी, एस, ए आणि दोन एम अशा खुणा असतात. बी म्हणजे बॅटरी, एस म्हणजे सेल्फ, ए म्हणजे मीटर-दिव्यांसाठीचा सप्लाय. चावी बंद असताना दोन्ही एम एकमेकांना जोडलेले असतात, आणि त्यातला एक अर्थला गेलेला असल्यामुळे इंजिन थांबतं. चावी चालू केली की ते सुटे होतात. गाडीच्या स्विचमध्ये ही एमची जोडी नसतेच. तिथे चावी चालू केली की इग्निशनच्या टर्मिनलवर बारा व्होल्ट येतात. स्टॉपची वायर त्या टर्मिनलला लावली की बॅटरीचा करंट थेट सीडीआयमध्ये घुसतो आणि सीडीआय जातो. स्विच शे-दोनशेला पडतो, सीडीआय कित्येक हजारांना. बोटीचाच स्विच मागवा. तो येईपर्यंत दोरी ओढून चालू करा आणि लाल दोरीच्या क्लिपने बंद करा.

रंगांवरही अंदाज बांधू नका. आपल्याला लाल, पिवळा, निळा म्हणजे तीन फेज दिसतात. यामाहाच्या इंजिनात लाल बॅटरीची, पिवळी चावी चालू झाल्यावर जिवंत होणारी, निळी चोकची, तपकिरी सेल्फची, काळी अर्थची आणि पांढरी स्टॉपची असते. मर्क्युरीत स्टॉपची वायर काळी असते, फक्त तिच्यावर पिवळी रेघ असते. तेल-काजळीत ती रेघ दिसत नाही, आणि काळी म्हणजे अर्थ समजून तिला बॉडीवर घट्ट बसवणारे भेटले आहेत. आधी कपड्याने पुसा, मगच ठरवा. ईएफआय इंजिनात, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात, तर कंट्रोल युनिटच बॅटरीवर चालतं, तिथे त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा समोर नसेल तर हात लावू नका.

तपासायचं कसं

इंजिन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. स्टॉपच्या वायरचं इंजिनजवळचं कनेक्टर सोडवा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक काडी स्विचकडून येणाऱ्या वायरला आणि दुसरी हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, काळ्या अर्थला लावा. चावी चालू आणि क्लिप बसलेली असताना मीटर गप्प राहिलं पाहिजे. क्लिप काढली की वाजलं पाहिजे. क्लिप बसवून चावी बंद केली तरी वाजलं पाहिजे. क्लिप बसवलेली, चावी चालू, तरी वाजत असेल तर चावी-स्विचचं कनेक्टर सुटं करून पुन्हा बघा. आवाज थांबला तर दोष चावीत, नाही थांबला तर लाल दोरीच्या स्विचमध्ये किंवा मधल्या वायरीत. क्लिप काढूनही मीटर वाजतच नसेल, तर ती बोट त्या दिवशी पाण्यात जाता कामा नये.

इंजिन फिरत असताना मात्र या वायरला मीटर लावू नका, हातही लावू नका. तिच्यावर बारा व्होल्ट नसतात, शंभराच्या वरचे झटके असतात. आणि तपासायला म्हणून काठावर कोरडं इंजिन चालवू नका. सबमर्सिबल कोरडी चालली की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. इथेही पाणी खेचणारा रबरी इंपेलर तसाच जळतो.

सेल्फ लागत नाही

नुसता टक आवाज येतो किंवा तोही येत नाही, आणि सेल्फ फिरत नाही, तेव्हा लोक सेल्फ उतरवतात. आधी गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये हलवून बघा. कंट्रोल बॉक्समध्ये न्यूट्रलचा छोटा स्विच असतो, तो दबला नाही तर सेल्फला करंटच जात नाही, टक आवाजही येत नाही. हा स्विच त्रास देतो म्हणून त्याच्या दोन वायरी कायमच्या पिळून टाकलेल्या मी पाहिल्या आहेत. हे करू नका. गिअरमध्ये इंजिन लागलं की बोट उसळते आणि उभा माणूस मागे फेकला जातो.

टक आवाज येत असेल तर बॅटरी मोजा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी उतरलेली आहे. बॅटरीवर व्होल्ट ठीक, पण सेल्फच्या टर्मिनलवर खूपच कमी, तर मधली केबल किंवा थिंबल खराब. एका केबलवर सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असतील तर टोकं उघडा, आत हिरवी बुरशी सापडेल.

फ्यूज जळला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. घरच्या किटकॅटला तार बांधायची सवय इथे आणू नका, कारण हार्नेसच्या शेजारी पेट्रोलची टाकी असते. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नका आणि प्लस-मायनस उलट लावू नका, दोन्हीत बॅटरी चार्ज करणारा रेक्टिफायर जातो.

काळ्या टेपचा जोड

भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. पाणी आटलं की बोट काठावर बाभळीखाली पडून असते. त्या उन्हात काळ्या टेपचा गोंद पातळ होऊन ओघळतो, टेप सरकते आणि पिळलेला जोड उघडा पडतो. पहिल्या पावसात त्याच्यात पाणी शिरतं. नुसता डाखही इथे टिकत नाही, डाखाशेजारी वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने तिथेच तुटते. बारीक तारांची, कथिलाचा मुलामा असलेली वायर घ्या, थिंबल योग्य पकडीने दाबा, वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी तापवून बसवा आणि वायर जवळच बांधून टाका म्हणजे लोंबणार नाही. काम थोडं वाढतं, पण मी असे केलेले जोड पुढच्या हंगामात पुन्हा उघडायची वेळ आलेली नाही. पावसाळ्यापूर्वी उंदरांनी कुरतडलेलं काही आहे का, तेही कव्हर उघडून बघा.

पाण्यातच अडकलात तर

पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडायला लागले की वरच्या पाण्याला ओढ लागते. अशा वेळी बंद इंजिन घेऊन बसणं परवडत नाही, आणि खरं तर त्या दिवसांत तिकडे जाऊच नये. पण कुठेही मध्येच ठिणगी गेली, तर आधी नांगर टाका. मग क्लिप नीट बसली आहे का बघा, बहुतेक वेळा तीच निघालेली असते. तरीही नाही, तर स्टॉपच्या वायरचं कनेक्टर इंजिनाजवळ सोडवा, दोन्ही टोकं वेगवेगळी झाकून बाजूला बांधा, गिअर न्यूट्रलमध्ये घेऊन दोरी ओढा. आता हे इंजिन चावीने किंवा लाल दोरीने थांबणार नाही, हे बोटीतल्या सगळ्यांना मोठ्याने सांगा, सगळ्यांना खाली बसवा आणि हळू चालवत काठ गाठा. थांबवताना न्यूट्रल करून चोक पूर्ण ओढा, नाहीतर पेट्रोलची नळी काढा. आतलं पेट्रोल संपेपर्यंत ते मिनिटभर चालेल, तेवढा वेळ पंख्याजवळ कोणालाही उतरू देऊ नका.