पिझ्झ्याचं पीठ: घड्याळ नको, हवामान बघा

पिझ्झ्याच्या बहुतेक कृतींत 'पीठ दोन तास झाकून ठेवा' असं लिहिलेलं असतं. हे दोन तास 24-25 अंशांच्या स्वयंपाकघराचे. एप्रिल-मेमध्ये नांदेड-परभणीकडं पारा 42च्या घरात जातो, तेव्हा तेवढ्याच यीस्टचं पीठ तासाभरात फुगतं आणि दोन तासांत खाली बसतं. हिवाळ्यात परभणीत पहाटे पारा 10च्या खाली गेला, की तेच पीठ चार तास हलत नाही. म्हणून वेळ मोजू नका. पीठ दुप्पट झालं का, एवढंच बघा.

9 इंचाच्या चार पिझ्झ्यांसाठी मैदा 500 ग्रॅम, पाणी 310 ग्रॅम, मीठ 10 ग्रॅम, साखर 5 ग्रॅम आणि तेल एक मोठा चमचा घ्या. इन्स्टंट ड्राय यीस्ट थंडीत एक छोटा चमचा (साधारण 3 ग्रॅम), उन्हाळ्यात अर्धाच. पाणीसुद्धा काट्यावर मोजा. वाटीत मैदा कधी दाबून भरला जातो, कधी सैल, आणि मग पाण्याचं गणित चुकतं. इटलीतल्या नेपल्सच्या अस्सल पिठात तेल-साखर नसते. तिथली भट्टी 450 अंशांच्या आसपास तापते आणि पिझ्झा दीड मिनिटात भाजून निघतो. घरचा ओव्हन जेमतेम 250 पर्यंत जातो, भाजायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात काठ वाळू नये म्हणून तेल, रंग यावा म्हणून साखर.

भाकरीची सवय असलेल्या हातांना इथं दोन गोष्टी बदलाव्या लागतात. ज्वारीत ग्लूटेन (पिठाला ताण देणारं चिवट प्रथिन) नसतं, म्हणून कढत पाण्यानं पिठाला चिकटपणा आणतात. यीस्ट मात्र कढत पाण्यात मरतं. थंडीत बोटाला कोमट लागेल इतपत पाणी घ्या, उन्हाळ्यात सरळ माठातलं. दुसरी सवय, हाताला चिकटलं की कोरडं पीठ टाकायची. ते अजिबात नको. पाच-सात मिनिटं तिंबलं की चिकटपणा आपोआप कमी होतो. कोरडा मैदा टाकत राहिलात तर पिझ्झा कडक होणारच.

परातीत मैदा, यीस्ट आणि साखर मिसळून पाणी घाला, गोळा होईपर्यंत कालवा आणि 20 मिनिटं झाकून ठेवा. या विश्रांतीनं निम्मं तिंबण्याचं काम वाचतं. मग मीठ आणि तेल घालून तळव्याच्या टाचेनं पुढं रेटत, दुमडत दहा मिनिटं तिंबा. लिंबाएवढा तुकडा चारही बाजूंनी हळूहळू ताणून बघा. उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता झाला, तर पीठ तयार. बोअरचं पाणी जड असेल तर पीठ ताठ होतं, ताणताना तुटतं. पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरा.

आता चार उंडे करा, तेलाचा हात फिरवा आणि झाकून ठेवा. चव हवी असेल तर घाई नको. सुरुवातीलाच यीस्ट पाव छोटा चमचाच घालून उंडे झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये 24 तास ठेवा, भाजण्याआधी बाहेर काढा: उन्हाळ्यात अर्धा तास, थंडीत दीड तास. उन्हाळ्यात हीच पद्धत सगळ्यात भरवशाची. फक्त लाइट बराच वेळ गेली तर डबा उघडून बघा. पीठ दुप्पट झालं असेल तर लगेच भाजायला घ्या.

उंडा लाटण्यानं लाटू नका, आतली हवा निघून जाते. बोटांनी मधून कडेकडं दाबा, काठाला बोटभर जागा सोडा. ताणलेलं पीठ पुन्हा आक्रसत असेल तर पंधरा मिनिटं झाकून ठेवा आणि मग ताणा.

ओव्हन असेल तर जाड ट्रे आत ठेवून 250 अंशांवर अर्धा तास तापवा, पिझ्झा त्या तापल्या ट्रेवरच सरकवा. 8 ते 10 मिनिटं पुरतात. ओव्हन नसेल तर जाड लोखंडी तवा. मध्यम आचेवर एक बाजू दोन मिनिटं भाजा, उलटा, भाजलेल्या बाजूवर सॉस आणि चीज पसरा, आच मंद करून झाकण ठेवा. चीज वितळायला चार-पाच मिनिटं लागतात. टोमॅटोचा सॉस आटवून घट्ट केलेला हवा; पातळ सॉस आणि ढीगभर भाज्या, हेच मध्यभाग कच्चा राहण्याचं कारण.

पीठ फुगलंच नाही तर यीस्ट जुनं असण्याची शक्यता जास्त. थोड्या कोमट साखरपाण्यात अर्धा चमचा यीस्ट टाका. दहा मिनिटांत फेस नाही आला तर पाकीट फेकून द्या. उघडं पाकीट फडताळात ठेवू नका, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते लवकर निकामी होतं. हवाबंद डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा.

गव्हाची कणीक घालायची तर एक तृतीयांश मैदा कमी करून तेवढीच घाला आणि पाणी एक-दोन चमचे वाढवा, कारण कोंडा पाणी पितो. ज्वारीचं पीठ 50 ग्रॅमच्या वर नको. उरलेले उंडे फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतात. तिसऱ्या दिवशी आंबट वाटले तर पातळ थापून तव्यावर लसूण-तेल लावून भाजा.