स्प्रिंग एअर रायफलीला कोणता छर्रा मानवतो, हे कसे तपासावे

एकाच कारखान्यातून एकाच मॉडेलच्या दोन स्प्रिंग एअर रायफली बाहेर पडल्या, तरी दोघींना मानवणारा छर्रा एकच असेल असे नाही. म्हणून सर्वांत चांगला छर्रा कोणता, या प्रश्नाला दुकानदाराने किंवा ओळखीच्या नेमबाजाने दिलेले उत्तर त्याच्या रायफलीपुरतेच खरे असते. आपल्या रायफलीचे उत्तर आपल्यालाच कागदावर शोधावे लागते. ते शोधण्याची एक पद्धत सर्रास सांगितली जाते: रायफल वाळूच्या पिशवीवर घट्ट दाबून धरा, प्रत्येक डब्यातले पाच छर्रे मारा आणि ज्याचा ग्रुप, म्हणजे कागदावरील भोकांचा झुबका, सर्वांत लहान येईल तो डबा घ्या. या सल्ल्यातील तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. त्यामुळे लोक चांगले छर्रे बाजूला टाकतात आणि सामान्य छऱ्यांवर पैसे घालवतात, हे मी नाशिकमध्ये वारंवार पाहिले आहे.

जागा आणि रायफल

दिंडोरी किंवा निफाडकडच्या ओळखीच्या बागायतदाराची द्राक्षाची पॅकिंग शेड या कामासाठी उत्तम असते. हंगाम संपून एप्रिलची खरड छाटणी सुरू झाली की ती रिकामी होते, वीस-पंचवीस मीटर लांबी मिळते आणि वारा अडतो. दहा मीटरवर बरे छर्रे बहुधा सारखेच दिसतात. त्यांच्यातील फरक उघड व्हायला निदान २० मीटर अंतर हवे. पत्र्याखाली दुपारी रायफल तापते, आतले ग्रीस पातळ होते आणि वेग बदलतो, म्हणून चाचणी सकाळीच उरकावी. टार्गेटमागे वाळूने भरलेली जाड लाकडी पेटी आणि तिच्यामागे भिंत असावी, कारण चुकलेला छर्रा दोनशे मीटरांपलीकडेही जाऊ शकतो आणि बागेत माणसे काम करीत असतात. येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो: ही सारी खटपट कागदावरील टार्गेटसाठी आहे. घडांवर येणाऱ्या पोपटांवर रायफल रोखणे क्रूर तर आहेच, शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे.

दस्त्याचे स्क्रू घट्ट आहेत, नळी बंद केल्यावर हलत नाही आणि स्कोपचा म्हणजे नेमाच्या दुर्बिणीचा माउंट (बसवण्याची कडी) मागे सरकत नाही, एवढे आधी पाहावे. स्प्रिंग रायफलीचा धक्का दोन्ही दिशांना बसतो, त्यामुळे या तिन्ही जागा सैल होतात. स्कोप २० मीटरवर पॅरॅलॅक्स (डोळा हलल्याने नेम सरकलेला दिसणे) जुळवता येणारा असावा. शंभर मीटरला पक्का जुळवलेल्या स्कोपमागे डोळा किंचित सरकला तरी नेम सरकतो आणि दोष छऱ्याच्या माथी येतो. नव्या रायफलीतून धूर येत असेल, तर आतले जादा तेल जळत आहे असे समजावे आणि ते थांबेपर्यंत चाचणी करू नये. छर्रा भरताना उघडलेली नळी दुसऱ्या हाताने धरून ठेवावी, कारण त्या क्षणी चाप सुटला तर बोटे तुटू शकतात.

कोणते छर्रे घ्यावेत

४.५ मिमीच्या म्हणजे ०.१७७ इंचाच्या रायफलीसाठी चार प्रकार पुरेसे आहेत: सपाट डोक्याचा मॅच म्हणजे स्पर्धेसाठीचा छर्रा, ८ ग्रेनच्या (ग्रेन हे छऱ्याच्या वजनाचे एकक) आसपासचे गोल डोक्याचे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे छर्रे आणि सुमारे १० ग्रेनचा एक जड छर्रा. टोकदार छऱ्यांवर पैसे घालवू नयेत. टोक अगदी मध्यावर नसले की छर्रा भरकटतो. शिसेविरहित अतिहलके छर्रे वेगाच्या जाहिरातीवर खपतात, पण त्यांच्यामागे हवेची गादी नीट तयार होत नाही आणि पिस्टन (स्प्रिंगने ढकलला जाणारा, हवा दाबणारा दट्ट्या) पुढे जोरात आदळतो, म्हणून ते मी माझ्या रायफलीत घालत नाही. डब्यावर डोक्याचा व्यास छापलेला असल्यास तो टिपून ठेवावा, कारण ४.५० आणि ४.५२ मिमी यांतील फरकही काही नळ्यांना जाणवतो. मागचा पोकळ घेर चेपलेले छर्रे आधीच वेगळे काढावेत.

पकड: सर्वांत अवघड टप्पा

छऱ्यांची तुलना करण्यापूर्वी आपली पकड स्थिर झाली पाहिजे. मला सर्वांत जास्त काळ याच टप्प्याने अडवून ठेवले आणि बहुतेकांच्या चाचण्या येथेच फसतात.

चाप ओढल्यावर स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून रायफल मागे सरकते. पिस्टन समोरच्या दाबलेल्या हवेवर थबकतो, तेव्हा रायफल पुढे झटका घेते. छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत ही हालचाल सुरू झालेली असते. म्हणजे छर्रा नळीतून सुटताना नळीचे तोंड नेमके कोठे असेल, हे रायफलीला मागेपुढे सरकण्याची किती मोकळीक होती यावर ठरते. बंदिस्त दाबाच्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी रायफलीत ही अडचण जवळजवळ नसते, आणि त्या रायफलींसाठी लिहिलेला सल्ला स्प्रिंग रायफलीवर चालवणे हे पुष्कळ गोंधळाचे मूळ आहे.

स्प्रिंग रायफल घट्ट धरली की प्रत्येक वेळी तेवढीच घट्ट धरावी लागते, आणि ते माणसाला जमत नाही. सैल धरणे मात्र पुन्हा पुन्हा तसेच जमते. पुढच्या हाताचा तळवा उघडा ठेवून वाळूच्या मऊ पिशवीवर टेकवावा आणि रायफल त्यावर नुसती विसावू द्यावी. बोटे दस्त्याभोवती वळवू नयेत. मागचा दस्ता खांद्याला जेमतेम टेकावा. गाल प्रत्येक वेळी त्याच जागी आणि हलका ठेवावा, चापाच्या हाताचा अंगठा मुठीवरून पलीकडे न गुंडाळता बाजूला राहू द्यावा. या पद्धतीला नेमबाज आर्टिलरी होल्ड म्हणतात.

यानंतर तळवा नेमका कोठे ठेवावा हे ठरवायचे असते. काही रायफली चापाच्या कड्याच्या अगदी पुढे आधार दिल्यावर शांत राहतात, तर काहींना तो दस्त्याच्या पुढच्या टोकाजवळ लागतो. दोन-तीन सेंटिमीटरच्या फरकानेही ग्रुप दुप्पट मोठा झालेला मी पाहिला आहे. त्यामुळे एकच छर्रा घेऊन वेगवेगळ्या जागी तळवा ठेवून पाहावे आणि जी जागा सर्वांत चांगली ठरेल, तेथे दस्त्याखाली रंगीत चिकटपट्टी लावावी. पुढचा प्रत्येक छर्रा त्या पट्टीवर तळवा ठेवूनच मारायचा.

नेम धरल्यावर डोळे मिटावेत, श्वास सोडावा, अंग ढिले करावे आणि डोळे उघडावेत. क्रॉसहेअर (स्कोपमधील नेमाची फुली) खुणेवरून हललेली दिसली, तर आपण स्नायूंच्या जोराने रायफल तेथे ओढून धरली होती, असे समजावे. अशा वेळी हात न वळवता पिशवी आणि खुर्ची सरकवावी. ही पायरी टाळली तर धक्क्याच्या क्षणी रायफल तिच्या स्वाभाविक दिशेकडे उडी घेते आणि कागदावर दोन वेगळे झुबके दिसतात. उभी रांग दिसली तर खांद्याचा दाब किंवा तळव्याची जागा बदलते आहे. आडवी रांग बहुधा चाप बाजूला ओढल्याने किंवा रायफल कलल्याने येते. छर्रा सुटल्यावरही चाप मागे दाबून ठेवावा आणि तो कागदावर लागलेला दिसेपर्यंत डोके उचलू नये.

रायफल लोखंडी शिकंजात आवळून माणसाचा दोष काढून टाकावा, असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकू नये. शिकंजात रायफलीची हालचाल वेगळी होते, छर्रा वेगळ्या क्षणी वेगळ्या दिशेने सुटतो, आणि मिळालेले उत्तर हातात धरलेल्या रायफलीला लागू पडत नाही. शिवाय लाकडी दस्ता तडकण्याचा धोका असतो.

पकड जमली की नाही, याची कसोटी सोपी आहे. एकाच प्रकारच्या १० छऱ्यांचा ग्रुप मारावा, खुर्चीतून उठून थोडे चालून यावे, पुन्हा बसून दुसरा १० चा ग्रुप मारावा. दोन्ही ग्रुप जवळपास सारख्या आकाराचे आणि एकाच मध्यावर आले तरच पुढे जावे. तसे आले नाहीत, तर दुसऱ्या प्रकारचे डबे त्या दिवशी उघडूच नयेत.

चाचणी

साइट, म्हणजे स्कोपची जुळवणी, अशी लावावी की छर्रे नेमाच्या खुणेच्या तीन-चार सेंटिमीटर खाली लागतील. त्यामुळे खूण फाटत नाही आणि शेवटपर्यंत नेम तितकाच स्वच्छ राहतो. छर्रा बदलल्यावर साइटला हात लावू नये. वेगळा छर्रा वेगळ्या जागी लागणारच, आणि येथे आपल्याला फक्त ग्रुपचा आकार हवा असतो. प्रकार बदलताना आधी त्याच छऱ्याचे १०-१५ नग न मोजता मारावेत, म्हणजे आधीच्या छऱ्याच्या शिशाचा आणि तेलाचा पातळ थर निघून जाईल. प्रत्येक छर्रा अंगठ्याने सारखाच आत बसवावा.

पहिल्या फेरीत छर्रे ज्या क्रमाने मारले, त्याच्या उलट क्रमाने दुसऱ्या फेरीत मारावेत, नाहीतर शेवटच्या छऱ्याच्या वाट्याला नेहमी आपला थकवा येतो. साथीदार असेल तर छर्रे त्याने नाव न सांगता हातात द्यावेत. महाग डब्याविषयीचा आदर नकळत नेमात उतरतो. नेम चुकल्याचे जाणवले तर ते कागद पाहण्यापूर्वी मोठ्याने सांगावे. भोक पाहिल्यानंतर सुचलेली सबब धरू नये.

मोजणी आणि निर्णय

सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरील कडांमधले अंतर मोजून त्यातून एका भोकाची रुंदी वजा करावी. गोल डोक्याचा छर्रा कागदात स्वतःपेक्षा लहान भोक पाडतो, त्यामुळे सरसकट ४.५ मिमी वजा न करता बाजूला पडलेल्या एका सुट्या भोकाची रुंदी मोजणे योग्य.

पाच छऱ्यांचा ग्रुप फार फसवतो. त्याच रायफलीचे, त्याच छऱ्याचे पाचांचे ग्रुप आपापसांत दुप्पट फरकानेही येऊ शकतात, त्यामुळे एखादा सामान्य छर्रा नशिबाने विजेता ठरतो. १० चा ग्रुप सरासरीने पाचांच्या सव्वापट मोठा येतो, म्हणून पाचांच्या ग्रुपची तुलना १० च्या ग्रुपशी कधीही करू नये. प्रत्येक छऱ्याचे १० चे तीन ग्रुप काढून त्यांची सरासरी घ्यावी. दोन सरासरींत पाचव्या हिश्शाहून कमी फरक असेल, तर ते दोन्ही छर्रे समान समजावेत आणि जो नियमित मिळतो व स्वस्त आहे तो घ्यावा.

ठरलेल्या छऱ्याचे एकाच खेपेचे डबे घ्यावेत आणि डब्यावरील खेपेचा क्रमांक टिपून ठेवावा. निफाडची थंडी सुरू झाली की ग्रीस घट्ट होऊन वेग उतरतो, तेव्हा साइट पुन्हा जुळवावी. जुन्या खेपेचे ३० छर्रे राखून ठेवावेत, आणि नवी खेप आली की तिची तुलना त्यांच्याशी त्याच सकाळी, त्याच चिकटपट्टीवर तळवा ठेवून करावी.