१२० पिक्सेलमध्ये गुराब दिसते का? ॲक्शन गेमचं कव्हर तपासताना

गेमचं कव्हर पसंत केलं जातं मोठ्या मॉनिटरवर, झूम करून. गिऱ्हाईक ते बघतं लाडूच्या डब्यावरच्या लेबलाएवढं, आणि तेही अंगठ्याने यादी वर सरकवताना. या दोन नजरांमध्ये जे अंतर आहे, तिथेच बहुतेक कव्हरं पडतात. म्हणून तपासणी लहान आकारापासून सुरू करायची. मोठं चित्र सगळ्यात शेवटी.

उदाहरण धरू या. गेम आहे कोकण किनाऱ्यावरच्या आरमारी लढायांचा: गुराबा (मोठी लढाऊ जहाजं), गलबतं, विजयदुर्ग, जंजिरा, आणि जहाजावर उतरून तलवारीची हातघाई. चित्रकाराने तीन कव्हरं पाठवली आहेत.

तिन्ही आधी सगळ्या मापांत काढून घ्या. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात कव्हरच्या चित्राला कॅप्सूल म्हणतात. तिथे पिक्सेलमध्ये हेडर (पानाच्या माथ्यावरचं चित्र) ९२०×४३०, लहान कॅप्सूल ४६२×१७४, मुख्य १२३२×७०६ आणि उभी ७४८×८९६ लागते. लायब्ररीसाठी, म्हणजे खेळाडूच्या विकत घेतलेल्या गेमच्या यादीसाठी, ६००×९०० वेगळी. लहान कॅप्सूल स्टीम स्वतःच आणखी बारीक करून १८४×६९ आणि १२०×४५ मध्ये दाखवतं. गूगल प्लेचा आयकॉन ५१२×५१२ आणि फीचर ग्राफिक (गेमच्या जाहिरातीचं आडवं चित्र) १०२४×५००. एकच चित्र कापूनकुपून सगळीकडे बसवलं असेल तर ते इथेच उघडं पडतं: उभ्या मापात डोलकाठी राहते आणि नायक कापला जातो, आडव्यात नायक राहतो आणि जहाज जातं. चित्रकाराकडून नायक, जहाज, पार्श्वभूमी आणि नाव असे वेगळे थर मागून घ्या आणि प्रत्येक मापासाठी मांडणी नव्याने करा.

आता १२०×४५ ची प्रतिमा १०० टक्के झूमवर, हातभर अंतरावरून बघा. या आकारात चित्र जवळपास संपतं, उरतं ते नाव. त्यामुळे लहान कॅप्सूलमध्ये नावाने बहुतेक सगळी जागा घ्यायला हवी. मागे लढाई असली काय नि नसली काय, सारखंच.

नाव देवनागरीत असेल तर खरी कसोटी इथे आहे, आणि हा भाग घाईत उरकू नका. इंग्रजी मोठ्या लिपीतलं नाव पट्टीची सगळी उंची वापरतं. ‘सिंधुदुर्ग’ लिहा: वर वेलांटी, अनुस्वार आणि रफार, खाली दोन उकार. ४५ पिक्सेलमधले वरचे-खालचे चार-चार मोकळे सोडले तर ३७ उरतात, आणि मात्रा-उकारांचे वजा केले तर अक्षराच्या मूळ अंगाला जेमतेम १८-२० मिळतात. म्हणून नाव निवडायच्या टप्प्यावर असाल तर वर किंवा खाली, एकाच बाजूला चिन्हं असलेला शब्द घ्या. ‘गुराब’ला वर काही नाही, ‘दर्यासारंग’ला खाली काही नाही, दोन्ही चालतील.

दुसरी अडचण फटींची. भ आणि म, ध आणि घ यांतला फरक शिरोरेषेतल्या फटीवर उभा आहे. लहान आकारात ती फट एक पिक्सेल होते, मग बुजते, आणि ‘धार’ची ‘घार’ होते. नाव ठळक दिसावं म्हणून अक्षरांची जाडी वाढवली किंवा बाहेरून काळी कड दिली की बुजणं वाढतंच. उपाय असा: लहान मापासाठी अक्षरं वेगळी काढायची, फट मुद्दाम दुप्पट रुंद ठेवायची, आणि कडेऐवजी नावामागचं चित्रच गडद करायचं. तिसरी अडचण कमी लोकांच्या लक्षात येते. शिरोरेषा आडवी, क्षितिज आडवं, किल्ल्याची तटबंदीही आडवी. तिन्ही जवळ आल्या की नाव तटात मिसळतं. क्षितिज खाली उतरवा किंवा जहाज कलतं करून त्या आडवेपणाला छेद द्या.

नावाचं झालं की चित्राकडे. प्रतिमा करडी करून बघा. भगवा झेंडा निळ्या समुद्रावर रंगीत चित्रात उठून दिसतो, पण दोन्हींचा उजेड सारखा असला तर करड्यात झेंडा गायब होतो. तसं झालं की समजायचं, ऊन पडलेल्या मोबाइलवरही तो गायबच होणार. हे प्रत्यक्षच करून बघा: फोनचा उजेड निम्म्यावर आणा आणि मालवणच्या धक्क्यावर दुपारी बाराला उभे राहा. मुख्य आकृती आणि तिच्यामागचा भाग यांत अंधार-उजेडाचा ठळक फरक हवा. रंगाचा फरक त्याच्यानंतर.

मग मुख्य आकृती सगळी काळी भरा आणि बाह्यरेषा बघा. शिमग्यातला संकासुर गर्दीतही लांबून ओळखू येतो, कारण काळा वेष, उंच टोपी आणि नाच यांची मिळून एकच आकृती होते. कव्हरवरच्या नायकाचं तसं होतं का? नुसत्या काळ्या आकृतीवरून हातात तलवार आहे आणि तो पुढे झेपावतोय, इतकं कळायला हवं. नेहमीची चूक म्हणजे तलवारीचा हात अंगासमोर येतो आणि शस्त्र धडात विरघळतं. हात बाजूला घ्या, तलवार तिरकी करा, टोक चौकटीत ठेवा. ॲक्शनसाठी वार लागल्यानंतरच्या क्षणापेक्षा वार लागण्याआधीचा क्षण जास्त ताणाचा असतो. ठिणग्या आणि स्फोट शेवटी, आणि थोडे. लहान आकारात त्यांचा नुसता चुरा दिसतो.

गंजिफा बघितल्या असतील तर हे सगळं आधीच माहीत आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पानं. पान तळहातात मावेल एवढं गोल. तरी खेळणारा एका नजरेत अवतार ओळखतो, कारण पार्श्वभूमीचा रंग ठरलेला आणि मधलं चिन्ह मोठं. तीनपेक्षा जास्त मुख्य रंग असलेलं कव्हर त्यांच्याशेजारी ठेवून बघा.

यानंतर शेजार. स्टोअरच्या ॲक्शन विभागाचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्यातल्या एका कव्हरच्या जागी आपलं चिकटवा. स्टीमची पार्श्वभूमी गडद निळी आहे, त्यामुळे रात्रीच्या लढाईचं कव्हर कडांनी तिच्यात विरतं. आगीचा नारिंगी आणि निळसर अंधार ही जोडी त्या रांगेत हमखास आधीच हजर असते. आपल्या गेमकडे जांभ्याचा तांबडा आणि शेवाळाचा हिरवा आहे. तो वापरा की.

चित्र खरं आहे का, हे बघणारा माणूस वेगळा नेमा, शक्यतो किनाऱ्यावरचा. गुराब म्हणून युरोपी गॅलियन काढणं ही सर्रास चूक, आणि एआयकडून चित्र करून घेतलं तर ती जवळपास ठरलेलीच. गुराबेची नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लांब बाहेर आलेली असते आणि तिथल्या तोफा सरळ पुढे मारा करतात. गलबत लहान, वल्ह्यांवर चालणारं. जलदुर्गाला परीकथेतले टोकदार मनोरे नसतात. लांब तट आणि गोल बुरूज असतात. पाण्याचा रंग मालदीवसारखा निळाहिरवा नको. मुसळधार पावसातली आरमारी लढाई नाट्यमय दिसते, पण पावसाळ्यात जहाजं किनाऱ्याला ओढून ठेवत, हे हर्णैचा कुणीही सांगेल. एआय वापरला असेल तर बोटं आणि डोलकाठीचे दोर मोजा. दोर मध्येच सुरू होतात आणि कुठेही बांधलेले नसतात. शिवाय स्टीमवर तसं जाहीर करावं लागतं.

सगळ्यात मोठा खोटेपणा मात्र वेगळाच असतो. कव्हरवर हातघाई आणि गेममध्ये ऐंशी टक्के वेळ जहाज हाकणं, असं असेल तर लोक क्लिक करतील, विकतही घेतील, आणि पैसे परत मागतील. खेळाडू ज्या कामात सर्वाधिक वेळ घालवतो, तेच कव्हरवर हवं.

आता माणसं. आठ-दहा जणांना १८४×६९ ची प्रतिमा दोन सेकंद दाखवा, झाका, आणि विचारा: नाव काय? काय चाललं होतं? हा कसला गेम असेल? ‘आवडलं का’ विचारू नका. गावात कुणी ‘नाही’ म्हणत नाही. तिघे गेम न खेळणारे हवेत. निम्म्यांना नाव सांगता आलं नाही तर दोष अक्षरांचा. नाव आलं पण ‘मासेमारीचा गेम’ म्हणाले तर दोष आकृतीचा. त्यानुसार तेवढंच दुरुस्त करा, अख्खं कव्हर नको.

नियमांत थोडक्यात: १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या कॅप्सूलवर चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. पुरस्कार, परीक्षणातले गुण, ‘५० टक्के सूट’ काही नाही. लायब्ररीत गेमच्या पानावर वर येणाऱ्या ३८४०×१२४० च्या रुंद ‘हीरो’ चित्रावर नावही नको. प्लेवर ‘नंबर वन’, ‘आत्ता डाउनलोड करा’ असली भाषा टाळा. फीचर ग्राफिकला व्हिडिओ जोडलात तर प्लेचं बटण मधोमध येतं, थेट नायकाच्या नाकावर.

दोन कव्हरांत अडलात तर प्ले कन्सोलमध्ये (गेम बनवणाऱ्यांसाठीचं गूगल प्लेचं पान) स्टोअर लिस्टिंगचा, म्हणजे दुकानातल्या गेमच्या पानाचा, प्रयोग लावा: काहींना एक कव्हर दिसतं, काहींना दुसरं. एका वेळी एकच फरक ठेवा, नाहीतर जिंकलं ते झेंड्यामुळे की अक्षरांमुळे हे कळणार नाही. किमान पूर्ण आठवडा चालू द्या, म्हणजे शनिवार-रविवार त्यात येतो. मराठी लिस्टिंगला वेगळं ग्राफिक देता येतं, ते मराठी प्रेक्षकांवरच तपासा. स्टीमवर किती वेळा दिसलं आणि किती जण पानावर आले, हे बदलाच्या आधीचे आणि नंतरचे दोन आठवडे घेऊन ताडा, त्यात सेल येता कामा नये. आणि चाकरमानी गावी आलेले असतात त्या गणपतीच्या आठवड्यात प्रयोग लावू नका; तेव्हाचे आकडे बाकी वर्षाशी जुळत नाहीत.