‘अनलेस’ वापरताना ‘नॉट’ कुठे गाळायचा?

इंग्रजी वाक्यात ‘अनलेस’ आला की मराठी माणसाकडून बहुतेकदा एक ‘नॉट’ जास्तीचा पडतो. आपण ‘जोपर्यंत तो येत नाही, तोपर्यंत’ असं म्हणतो, म्हणजे ‘नाही’ वेगळा उच्चारतो. ‘अनलेस’च्या पोटात मात्र तो आधीच असतो.

सवय होईपर्यंत वाक्य थेट ‘अनलेस’ने सुरू करू नका. आधी ते ‘इफ’ आणि ‘नॉट’ घालून तयार करा. ‘तू घाई केली नाहीस तर गाडी चुकेल’ याचं ‘इफ यू डोन्ट हरी, यू विल मिस द ट्रेन’ होतं. आता ‘इफ’च्या जागी ‘अनलेस’ ठेवा आणि त्याच तुकड्यातला ‘डोन्ट’ उचला: ‘अनलेस यू हरी, यू विल मिस द ट्रेन’. दुसऱ्या तुकड्यात नकार असेल तर त्याला हात लावायचा नाही. ‘डजन्ट’ काढलात तर क्रियापदाला ‘एस’ परत जोडायला विसरू नका. ‘इफ ही डजन्ट कॉल’चं ‘अनलेस ही कॉल्स’ होतं.

जास्तीचा ‘नॉट’ राहिला तर व्याकरण सहसा बिघडत नाही, अर्थ उलटतो, आणि म्हणूनच ही चूक लक्षात येत नाही. ‘आय विल वेट अनलेस यू डोन्ट कॉल’ याचा अर्थ ‘तुझा फोन आला नाही, तर मी थांबणार नाही’. बोलणाऱ्याला बहुधा ‘तू फोन करून नको म्हणाला नाहीस, तर मी थांबेन’ असं सांगायचं असतं.

मग काळ पाहा. गोष्ट उद्याची असली तरी ‘अनलेस’च्या तुकड्यात ‘विल’ येत नाही: ‘वी विल गो अनलेस इट रेन्स’. काम पूर्ण होण्याची अट असेल तर ‘अनलेस यू हॅव फिनिश्ड’ चालतं. ‘अनलेस’चा तुकडा आधी आला तर त्यानंतर स्वल्पविराम द्या, नंतर आला तर सहसा लागत नाही.

खरा गोंधळ ‘अनटिल’शी होतो, कारण मराठीतलं ‘जोपर्यंत’ दोघांनाही पुरतं. इथे वाक्य मराठीतच फिरवून पाहा. ‘-ईपर्यंत’ शोभलं तर ‘अनटिल’, ‘तरच’ शोभलं तर ‘अनलेस’. ‘ती येईपर्यंत जेवू नकोस’ यात ती येणार हे धरलेलं आहे, म्हणून ‘डोन्ट ईट अनटिल शी कम्स’. ‘तिने बोलावलं तरच जा’ यात ती बोलावेलच असं नाही, म्हणून ‘डोन्ट गो अनलेस शी कॉल्स यू’. वाक्य नकारार्थी असेल तर ही ‘तरच’ची कसोटी सहसा दगा देत नाही.

‘इफ नॉट’ दिसला की ‘अनलेस’ ठोकायचा, असंही नाही. ‘तो इतका दमलेला नसता तर आला असता’ यासारख्या, प्रत्यक्षात नसलेल्या स्थितीबद्दलच्या वाक्यात ‘इफ ही वेअरन्ट सो टायर्ड’ असंच म्हणतात. एखादी गोष्ट न घडण्यामुळेच मनाला काही वाटणार असेल, तिथेही ‘इफ नॉट’ राहू द्या: ‘आय विल बी सरप्राइज्ड इफ शी डजन्ट विन’. इथे ‘अनलेस’ घातला तर ‘ती जिंकली नाही तर’ हे आश्चर्याचं कारण न राहता नुसती अट होते आणि वाक्य विचित्र वाटतं. ‘अनलेस’ खुलतो तो अपवाद सांगताना, म्हणजे मराठीत जिथे ‘हां, अमुक झालं तर गोष्ट वेगळी’ म्हणू तिथे.

लेखी भाषेत कर्ता आणि क्रियापद गाळलेली छोटी रूपंही भेटतात: ‘अनलेस नेसेसरी’ म्हणजे गरज नसल्यास, ‘अनलेस अदरवाइज स्टेटेड’ म्हणजे वेगळं काही नमूद केलं नसल्यास. ही जशीच्या तशी पाठ करावीत. यांतही ‘नॉट’ नसतो.